इलिओस्टोमीनंतरचा सातवा आठवडा : चालणे आणि घरकाम किती करावे, कधी वाढवावे?

शिक्षिका, मानेवाडा – १५ मे

सर्वांना नमस्कार. माझे वय ४६ असून मी नागपुरातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गुदाशयाच्या कर्करोगासाठी माझी शस्त्रक्रिया झाली. आतड्याचा खालचा जोड नीट भरून यावा म्हणून लहान आतड्याचे एक वेटोळे पोटाच्या उजव्या बाजूला बाहेर काढून तात्पुरती इलिओस्टोमी केलेली आहे. गाठीचा अहवाल चांगला आला, केमोथेरपीची गरज पडली नाही. जोडाची तपासणी करून जुलैमध्ये स्टोमा, म्हणजे पोटावर काढलेले हे आतड्याचे तोंड, बंद करण्याविषयी ठरवू, असे सर्जननी सांगितले आहे. त्यावरची मळाची पिशवी बदलणे, पिशवी त्वचेवर बसवणारी चिकट चकती म्हणजे बेसप्लेट कापणे, त्वचेची काळजी घेणे हे सर्व मी आता स्वतः करते आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

माझा प्रश्न हालचालीचा आहे. घरी सोडताना मिळालेल्या कागदावर ‘जड वस्तू उचलू नये’ आणि ‘हळूहळू हालचाल वाढवावी’ अशी दोनच वाक्ये होती. हळूहळू म्हणजे किती मिनिटे, कोणत्या अंतराने आणि वाढवायचे की नाही हे कशावरून ठरवायचे, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

गेल्या गुरुवारी मला शस्त्रक्रियेनंतर प्रथमच अगदी पूर्वीसारखे वाटत होते. सकाळी आमच्या ले-आउटच्या मैदानाला फेऱ्या मारत मी ३५ मिनिटे चालले. त्याआधी रोजचे चालणे १५ मिनिटांचे होते. घरी आल्यावर स्वयंपाक केला. दुपारी सासूबाई गच्चीच्या सावलीत कुरडया घालत होत्या, त्यांचे हात दुखायला लागले म्हणून चार-पाच सोरे मी दाबून दिले. संध्याकाळी कूलरमध्ये दोन बादल्या पाणी टाकले. त्या दिवशी काहीही दुखले नाही. शुक्रवारी सकाळी मात्र पलंगावरून उठताना डोळ्यांसमोर अंधारी आली, पोटऱ्यांमध्ये पेटके येत होते, स्टोमाच्या बाजूला बोथट वेदना होती आणि पुढचे तीन दिवस मी न्हाणीघरापलीकडे गेले नाही. चौथ्या दिवशी बरे वाटले, तेव्हा चालणे पुन्हा १० मिनिटांवर आलेले होते. हे असे तिसऱ्यांदा घडले आहे.

सासूबाईंचे म्हणणे, बाळंतिणीसारखे सव्वा महिना नव्हे, तीन महिने पडून राहायचे. दिरांचे म्हणणे, चालल्याशिवाय ताकद येणार नाही, रोज पाच किलोमीटरचे ध्येय ठेव. दोघेही माझ्या काळजीपोटीच बोलतात. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात आणि तोपर्यंत निदान दोन तास उभे राहण्याइतकी ताकद यावी, अशी माझी इच्छा आहे. ज्यांनी या काळातून स्वतः वाटचाल केली आहे, त्यांनी कृपया आपला अनुभव शक्य तितक्या तपशिलाने सांगावा.

कायमची कोलोस्टोमी, नंदनवन – १५ मे

ताई, तुमचा गुरुवार वाचताना मला माझाच एक दिवस आठवला. माझे वय ६१ आहे. सहा वर्षांपूर्वी गुदाशय आणि गुदद्वार काढून डाव्या बाजूला कायमची कोलोस्टोमी, म्हणजे मोठ्या आतड्याचे तोंड पोटावर आणणे, झाली. त्याआधी मी ३० वर्षे यंत्रशाळेत काम केले होते, त्यामुळे शरीराला कामाची सवय आहे हा भरवसा मनात पक्का होता आणि त्याच भरवशाने मला फसवले.

तुमच्या लिहिण्यात एक वाक्य फार महत्त्वाचे आहे : ‘त्या दिवशी काहीही दुखले नाही.’ आपण जे काम करतो त्याचा हिशेब शरीर त्याच दिवशी देत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी देते. म्हणून आज कसे वाटते आहे यावर आजचे काम ठरवले, तर चांगल्या दिवशी आपण उद्याचे आणि परवाचेही खर्च करून टाकतो. मग तीन दिवस पडून राहतो, त्या तीन दिवसांत पायांची ताकद आणखी कमी होते आणि पुढच्या चांगल्या दिवशी ‘राहिलेले भरून काढू’ म्हणून पुन्हा तीच चूक करतो. मी या चक्रात जवळपास दोन महिने होतो.

त्यातून बाहेर पडलो ते एका वहीमुळे. पहिल्या आठवड्यात मी चालणे वाढवण्याचा विचारच केला नाही. माझ्या वाईट दिवशीसुद्धा मी किती चालू शकतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा त्रास होत नाही, एवढेच शोधले. ते आठ मिनिटे निघाले. मला त्याचे वाईट वाटले, पण मी तेच धरले. सकाळी आठ, अकराच्या सुमारास घरातल्या घरात आठ, संध्याकाळी आठ. वाईट दिवशी आठ आणि चांगल्या दिवशीही आठच. सर्वांत कठीण भाग हा शेवटचा होता, कारण चांगल्या दिवशी आठ मिनिटांनंतर थांबणे म्हणजे ताटावरून अर्धपोटी उठण्यासारखे वाटते. सलग चार सकाळी ठीक गेल्या की एका फेरीत दोन मिनिटे वाढवायची आणि दुसऱ्या सकाळी त्रास झाला तर मागच्या आकड्यावर यायचे, शून्यावर यायचे नाही. साडेतीन महिन्यांनी मी सलग ४० मिनिटे चालत होतो. त्यानंतर आजपर्यंत चालण्यामुळे एकदाही अंथरूण धरलेले नाही.

वहीत पहिल्यांदा मी फक्त चालणे लिहीत असे. पुढे माझ्या पत्नीने दाखवून दिले की पाहुण्यांबरोबर दोन तास बसलो त्या दिवसांनंतरच्या सकाळी चालण्याच्या दिवसांपेक्षा वाईट होत्या. ओट्याशी उभे राहणे, बसून बोलणे, दवाखान्यात रांगेत थांबणे, बँकेत जाणे, हे सर्व काम आहे आणि ते त्याच खात्यातून जाते. तुमच्या गुरुवारी चालण्याची २० मिनिटे जास्तीची होती हे तुम्हाला दिसले. स्वयंपाक, सोऱ्या आणि बादल्या तुम्ही बहुधा हिशेबात धरल्याच नाहीत.

एक गोष्ट मात्र मी वहीने सांभाळू शकलो नाही आणि ती सांगणे माझे कर्तव्य आहे. तिसऱ्या महिन्यात घरी कोणी नसताना गॅस संपला आणि मी भरलेला सिलिंडर उचलून स्वयंपाकघरात आणला. त्यात गॅसच १४.२ किलो असतो आणि टाकीसह वजन ३० किलोच्या आसपास जाते. तेव्हाही काही दुखले नाही. दोन आठवड्यांनी आंघोळ करताना स्टोमाच्या भोवतीचा भाग उभे राहिल्यावर फुगलेला आणि आडवे झाल्यावर बसलेला दिसला. तो स्टोमाशेजारचा हर्निया होता, म्हणजे दुबळ्या झालेल्या स्नायूंतून आतडे त्वचेखाली पुढे आले होते. त्यामुळे बेसप्लेट नीट बसेनाशी झाली, गळती सुरू झाली आणि मला पट्टा वापरावा लागतो तो आजतागायत. एका उचलण्यानेच तो झाला असे सर्जन म्हणाले नाहीत. कायमच्या स्टोमाच्या रुग्णांत तो पुष्कळांना होतो, हेही त्यांनी सांगितले. तरीही तो सिलिंडर तेवढ्या अंतरावर ढकलत न्यायला मी शेजाऱ्याला हाक मारू शकलो असतो, हे मला अजून वाटत राहते. आपण बादली उचलू नका, ताई.

इलिओस्टोमी, चार वर्षे, त्रिमूर्तीनगर – १६ मे

काकांचे म्हणणे मला पूर्ण पटते, परंतु ताईंच्या शुक्रवारकडे मी थोड्या वेगळ्या नजरेने पाहतो. काकांची कोलोस्टोमी आहे, म्हणजे त्यांचे बहुतेक मोठे आतडे अजून काम करते. ताईंची आणि माझी इलिओस्टोमी आहे. मोठे आतडे दिवसाला साधारण एक ते दीड लिटर पाणी आणि त्यासोबत पुष्कळ मीठ शरीरात परत घेत असते. आपल्या बाबतीत ते सगळे त्याआधीच पिशवीत येते. उठताना अंधारी आणि पोटऱ्यांत पेटके ही लक्षणे केवळ थकव्याची नसून पाणी आणि मीठ कमी झाल्याची असण्याची शक्यता मोठी आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास असताना ३५ मिनिटे चालणे, चुलीजवळ उभे राहणे आणि गच्चीवर बसणे यांत जो घाम गेला, तो तुमच्याकडे मुळातच शिल्लक नव्हता.

मला व्रणयुक्त कोलायटिसमुळे २५व्या वर्षी ही शस्त्रक्रिया करावी लागली आणि पहिल्या उन्हाळ्यात मी दोनदा सलाईनसाठी भरती झालो. तेव्हा मी तहान लागली की माठातले पाणी तांब्या-तांब्याने पीत होतो आणि जितके पीत होतो तितकी पिशवी भरत होती. पुढे डॉक्टरांनी समजावले की नुसते पाणी एकदम भरपूर प्यायले तर लहान आतड्यातील मीठ त्या पाण्याकडे ओढले जाते आणि दोन्ही मिळून बाहेर पडते. मीठ आणि ग्लुकोज योग्य प्रमाणात एकत्र असतील तर मात्र आतडे पाणी आत ओढून घेते. ओआरएस काम करते ते याच कारणाने. पुडीवर लिहिलेल्या प्रमाणातच ती कालवावी. एक लिटरची पुडी असेल तर पूर्ण एक लिटर पाणी, कमी-जास्त नको. मी सकाळी एक लिटर तयार करून ठेवतो आणि दिवसभर घोट-घोट पितो, चालायला निघण्याआधी एक पेला आणि आल्यावर एक पेला. किती घ्यायचे हे तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या, विशेषतः रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर. मीठ घातलेले पातळ ताक चालते. पन्हे आणि उसाचा रस मात्र जपून, कारण फार गोड पेयांनी पिशवी अधिक वेगाने भरते. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असले तरी सोडियम कमी असते, म्हणून ते ओआरएसच्या जागी धरू नये.

तुम्ही गणिताच्या शिक्षिका आहात, तेव्हा एक मोजमाप नक्की करा. एक प्लॅस्टिकचे मापाचे भांडे केवळ या कामासाठी ठेवा आणि २४ तासांत पिशवीतून किती पडते ते आठवडाभर लिहा. दीड लिटरच्या वर जाऊ लागले, लघवी गडद आणि कमी झाली, तोंड कोरडे पडले, तर त्या दिवशी चालण्याचा विचार सोडून डॉक्टरांना फोन करा. तुमच्या पेटक्यांविषयी तर मी म्हणेन की याच आठवड्यात रक्तातील सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. माझ्या अनुभवात ‘आज अंगात त्राण नाही’ असे वाटणाऱ्या निम्म्याहून अधिक सकाळी मिठाच्या होत्या, श्रमाच्या नव्हत्या, आणि एक-दोन पेले ओआरएस घेऊन तासाभराने पुन्हा पाहिले की कोणती सकाळ कोणती ते कळून येते.

उन्हाळ्यापुरते चालण्याचे वेळापत्रकही बदला. सकाळी साडेसहापर्यंत घरी परत यायचे. संध्याकाळी सात वाजताही रस्ता भट्टीसारखा तापलेला असतो. मी नवतप्याच्या नऊ दिवसांत घरातच, पंख्याखाली, हॉल ते मागची खोली असे चालतो. घराबाहेर पडण्यापूर्वी पिशवी रिकामी करावी. एक तृतीयांश भरली की रिकामी करायची हा नियम चालताना तर फारच महत्त्वाचा आहे, कारण भरलेली पिशवी पावलागणिक बेसप्लेटला खाली ओढते. घामामुळे माझी बेसप्लेट हिवाळ्यात पाच दिवस आणि मे महिन्यात तीनच दिवस टिकते. पिशवी आणि पोट यांच्यामध्ये सुती कापडाचे कव्हर घातल्यापासून घामोळे थांबले. जास्तीचे सामान स्कूटरच्या डिक्कीत ठेवू नका, तिथे चिकट भाग अक्षरशः वितळतो.

फिजिओथेरपिस्ट, धरमपेठ – १७ मे

मी पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांबरोबर काम करते. वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत. रक्ततपासणीचा सल्ला तर सर्वांत आधी पाळावा, कारण मीठ कमी असताना व्यायामाची कोणतीही आखणी टिकत नाही. येथे मी फक्त पोटाच्या भिंतीविषयी लिहिते. तुमच्या सर्जननी काही वेगळे सांगितले असल्यास त्यांचेच ऐकावे.

स्टोमा करताना पोटाच्या स्नायूंतून आतड्यासाठी वाट काढलेली असते. त्वचेचे टाके दोन आठवड्यांत भरलेले दिसतात, परंतु आतले मजबूत आवरण घट्ट व्हायला कित्येक आठवडे, महिने लागतात. पोटातील दाब अचानक वाढला की तो सर्वांत दुबळ्या जागी, म्हणजे स्टोमाच्या कडेला आणि मधल्या व्रणावर, बाहेर रेटतो. स्टोमाला स्वतःला वेदनेची जाणीव नसते, त्यामुळे ‘दुखले नाही म्हणजे चालते’ ही खूण या जागी उपयोगाची नाही.

वजनापेक्षाही दाब कसा निर्माण होतो हे मी रुग्णांना समजावते आणि तुमचा सोऱ्या हे त्याचे अगदी नेमके उदाहरण आहे. गरम चीक भरलेला सोऱ्या दाबताना आपण पाटावर उकिडवे किंवा मांडी घालून बसतो, पुढे वाकतो, श्वास रोखतो आणि दोन्ही हातांचा जोर पोटातून देतो. त्यात काही किलोंचे वजन उचलले जात नाही, तरी पोटावरचा ताण भरलेली बादली उचलण्याच्या जोडीचा असू शकतो. मोठी कणीक मळणे, ओले चादर-ब्लँकेट पिळणे, घट्ट झाकण उघडणे, हापशाचे पाणी काढणे, लोखंडी कपाट सरकवणे ही सगळी त्याच जातीची कामे आहेत. निदान पहिले तीन महिने ती दुसऱ्यांकडे द्यावीत. अनेक सर्जन पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत दोन-तीन किलोंच्या वर उचलू देत नाहीत, आणि कूलरची बादली अर्धी भरली तरी सात-आठ किलोंची होते. पाइप लावून कूलर भरण्याची सोय करून घ्यावी.

पलंगावरून उठताना सरळ उठून बसू नका. गुडघे वाकवा, पूर्ण शरीर एकसंध ठेवून कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा आणि हाताने रेटा देत बसा. मग लगेच उभे न राहता मिनिटभर तसेच बसा, अंधारी येते त्यांनी तर हे चुकवूच नये. खोकला किंवा शिंक येते आहे असे वाटले की स्टोमावर आणि व्रणावर उशी किंवा हाताचा तळवा हळुवार दाबून धरा. जमिनीवर बसणे सध्या कमी करा. देवपूजेला, जेवायला, भाजी निवडायला खुर्ची घ्या. बसावेच लागले तर उठताना आधी कुशीवर, मग चार पायांवर, मग खुर्चीचा आधार, या क्रमाने उठा. कोणतेही जोराचे काम करताना श्वास बाहेर सोडत करायचे, रोखून धरायचा नाही, ही एकच सवय लागली तरी पुष्कळ साधते.

सातव्या आठवड्यात, सर्जनची संमती असल्यास, पलंगावर करण्यासारखे काही हलके व्यायाम सुरू करता येतात. उताणे पडून गुडघे उभे करावेत, श्वास सोडताना बेंबीखालचा भाग पाठीकडे अलगद ओढून तीन ते पाच सेकंद धरावा आणि सोडावा. असे पाच वेळा, दिवसातून दोनदा. पोट घट्ट आवळायचे नाही. शेजारी बसलेल्याला दिसूही नये इतकेच ओढायचे. त्याच स्थितीत दोन्ही गुडघे एकत्र ठेवून थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे झुकवावेत. यांनाही काकांचाच नियम लागू करा, दुसऱ्या दिवशीची सकाळ पाहून मगच वाढवा. योगासने करणाऱ्यांसाठी विशेष सूचना अशी की कपालभाती, भस्त्रिका, नौली, नौकासन, सूर्यनमस्कार हे सध्या पूर्णपणे बंद. श्वास न रोखता केलेला अनुलोम-विलोम चालतो. अनेक जण ‘प्राणायाम तर निरुपद्रवी’ असे समजून कपालभाती लवकर सुरू करतात. त्यातील प्रत्येक झटका पोटाच्या भिंतीवरच बसतो, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

चालताना सलग दोन वाक्ये न थांबता बोलता येत असतील तर वेग योग्य आहे. सेमिनरी हिल्ससारखा चढ सध्या नको, सपाट जागा निवडा.

काकांच्या पट्ट्याविषयी एक पुस्ती जोडते. पट्टा मापाने घ्यावा, आडवे पडून बांधावा आणि पिशवीचा मार्ग दाबला जाणार नाही असा असावा. पट्टा बांधला म्हणून उचलण्याची मुभा मिळत नाही.

काही लक्षणे मात्र वाट पाहण्याची नसतात. स्टोमाचा लाल रंग जांभळा किंवा काळपट होणे, चार-सहा तास पिशवीत काहीच न येता पोटात कळा आणि उलट्या होणे, स्टोमा अचानक खूप बाहेर येणे, एका पोटरीला सूज आणि वेदना, दम लागणे किंवा छातीत दुखणे, ताप, यांपैकी काहीही असले तरी त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

रुग्णाची पत्नी, इंदोरा – १७ मे

मी स्वतः रुग्ण नाही, माझ्या यजमानांची दीड वर्षापूर्वी इलिओस्टोमी झाली. घरातल्यांच्या बाजूने एवढेच लिहावेसे वाटते की आम्ही त्यांना ‘काही करू नका’ असे म्हणत राहिलो तेव्हा ते आमची पाठ वळताच करत. मग आम्ही त्यांच्या वाट्याची कामे नेमून दिली : सकाळी तुळशीला एक तांब्या पाणी, भाजी निवडणे खुर्चीवर बसून, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या, आणि दुपारी दोन ते चार पडून राहणे हेही एक काम म्हणून. बाकीची कामे कोणाची हे भिंतीवर लिहिले. सासूबाईंचा हात दुखतो म्हणून तुम्ही उठलात, ताई, कारण दुसरे कोणी उठणारे ठरलेले नव्हते. तुमच्या दिरांना पाच किलोमीटरचा आग्रह धरण्याऐवजी कूलर भरण्याचे आणि सोऱ्या दाबण्याचे काम द्या. त्यांची काळजी खरी आहे, तिला करण्यासारखे काही मिळाले की आग्रह आपोआप कमी होईल.

शिक्षिका, मानेवाडा – ४ जून

आपण सर्वांनी इतक्या मायेने आणि बारकाईने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. जे घडले ते पुढे कोणाला उपयोगी पडेल म्हणून नोंदवते.

१८ मे रोजी रक्त तपासले. सोडियम कमी निघाले, मॅग्नेशियमही कमी होते आणि हिमोग्लोबिन ९.८ होते. पिशवीतील मोजमाप पहिल्या तीन दिवसांत १,६०० ते १,८०० मिलिलिटर भरले. ‘आठ-नऊ वेळा रिकामी करावी लागते’ एवढेच मी आतापर्यंत डॉक्टरांना सांगत होते. मोजलेला आकडा सांगितल्यावर त्यांनी त्याच दिवशी औषध सुरू केले आणि ओआरएसचे प्रमाण ठरवून दिले. आता रोजचे प्रमाण ९०० च्या आसपास आहे आणि पेटके थांबले आहेत. त्रिमूर्तीनगरच्या भाऊंनी आग्रह केला नसता तर मी अजूनही स्वतःच्या आळसालाच दोष देत बसले असते.

वही सुरू केली. माझा वाईट दिवसाचा आकडा नऊ मिनिटे निघाला. दिवसातून तीनदा नऊ, पाच दिवस. नंतर सकाळची फेरी अकरा, आणि आज १३ मिनिटांवर आहे. नवतप्यात सर्व चालणे घरात केले. समोरच्या खोलीतल्या दारापासून मागच्या न्हाणीपर्यंत माझी २२ पावले होतात. २६ तारखेला फार छान वाटत होते आणि ठरलेल्या मिनिटांनी थांबणे खरोखरच जिवावर आले. मी थांबले आणि खुर्चीवर बसून नववीच्या प्रश्नपत्रिका काढत बसले. २७ची सकाळ नेहमीसारखी गेली. सबंध दिवस अंथरुणात गेला असे या १७ दिवसांत एकदाही झाले नाही.

इंदोऱ्याच्या ताईंचे उत्तर मी घरात सर्वांना मोठ्याने वाचून दाखवले. दिरांनी दुसऱ्याच दिवशी गच्चीच्या नळापासून कूलरपर्यंत पाइप आणून लावला. सासूबाईंना पडून राहणे आणि मोजून चालणे यांतला फरक पटायला वेळ लागला, परंतु आता संध्याकाळी वहीत आकडा लिहिला की नाही हे त्याच विचारतात.

एकच प्रश्न राहतो. शाळा उघडल्यावर ३५ मिनिटांचे किती तास घ्यावेत? मुख्याध्यापिका बाई वेळापत्रकात सोय करायला तयार आहेत, मी त्यांना काय सांगावे?

कायमची कोलोस्टोमी, नंदनवन – ४ जून

ताई, वाचून फार समाधान वाटले. शाळेचा आकडाही चालण्यासारखाच घरी काढा. उद्यापासून एकदा, दुपारच्या उन्हाआधी, घरातल्या एखाद्या मुलाला समोर बसवून दहा मिनिटे उभ्याने मोठ्या आवाजात शिकवा. फळ्यावर लिहिण्यासाठी हात वर करणे आणि वर्गाला ऐकू जाईल असे बोलणे यांत पोटाचा जोर लागतो, तो चालण्यात लागत नाही. दुसरी सकाळ पाहा आणि वाढवत न्या. २० जूनला जो आकडा असेल त्यावरून बाईंना सांगा.

बाईंकडे आताच मागण्यासारख्या गोष्टी चार आहेत. तळमजल्याचा वर्ग, फळ्याजवळ उंच स्टूल, दोन तासांमध्ये एक तास मोकळा, आणि पिशवी रिकामी करण्यासाठी आतून कडी लागणारे, पाणी असलेले स्वच्छतागृह. वह्यांचे गठ्ठे मुलांकडून आणवून घ्या. जुलैमध्ये स्टोमा बंद करण्याची शस्त्रक्रिया ठरली तर त्यानंतरही काही आठवडे उचलण्याचे निर्बंध असतात आणि आकडा पुन्हा खालून सुरू करावा लागतो, म्हणून पर्यायी शिक्षकाची सोय त्या महिन्यासाठी आधीच बोलून ठेवा. वही मात्र तीच चालू ठेवा, नवी करू नका. मागची पाने समोर असली की नऊ मिनिटांवरून निघून कुठे पोहोचलो होतो ते दिसते.